पाळलेला वार

देवपुरातून जुन्या धुळ्याकडे जायचं तर पांझरा ओलांडावी लागते. रविवारी सकाळी आम्ही उपासनेला निघतो, तेव्हा नदीकाठच्या एकवीरेच्या देवळाकडे माणसांची रीघ लागलेली असते. कुणाच्या कडेवर जावळाचं पोर, कुणाच्या हातात खण-नारळाचं ताट, कुणी साक्री-शिरपूरकडून पहाटेच निघालेलं. त्यांचा सुट्टीचा दिवस आणि आमचा प्रभूचा दिवस एकच. पुलावर आम्ही एकमेकांना वाट देत पुढे सरकतो. बरीच वर्षं मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. हा वार नेमका कुणाचा, हा प्रश्न फार उशिरा पडला.

माझ्या आजीला तो कधी पडला नसता. “आज देवना दिन शे,” एवढंच ती म्हणायची आणि तेवढ्यात सगळं आलं असं तिला वाटायचं. आजी साक्रीकडची. थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, एक सालदार, एवढा पसारा. बोली अहिराणी, बायबल मराठी. शनिवारी दिवेलागणीपर्यंत तिचं दळण उरकलेलं असे, पाणी भरलेलं असे, सरपण चुलीशेजारी रचलेलं असे. रविवारी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, सालदाराला काम सांगायचं नाही. जेवायला शनिवारचीच दादर ज्वारीची भाकरी आणि वर ठेचा. प्रेषितांचा मतांगीकार तिला अडखळल्याशिवाय म्हणता येत नसे. त्रैक्य म्हणजे काय, असं विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्यालाच चहा प्यायला बसवलं असतं. पण शनिवारी संध्याकाळी तिच्या हातांना काय करायचं ते पक्कं ठाऊक असे.

मराठीत देव मानतात आणि वार पाळतात. ही दोन क्रियापदं आपण इतक्या सहज वापरतो, की त्यांच्यातलं अंतर लक्षात येत नाही. मानायला मन पुरतं. पाळायला अंग लागतं, वेळ लागतो, दळण आदल्या दिवशी करावं लागतं. आपण शब्द पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो. गुरं पाळतो, म्हणजे भूक आपली नसली तरी चाऱ्याची चिंता आपली असते. लेकराला निजवतो तो पाळणा. आणि आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत धर्मगुरूला म्हणतात पाळक. मेंढरांची राखण करणारा, असा त्याचा बायबलमधला अर्थ. पण आमच्या भाषेच्या कानाला त्यात पाळण्याची दोरी हलवणारा हातही जाणवतो.

विश्वासावर आजवर लिहिलं गेलेलं बहुतेक सगळं मानण्याबद्दल आहे. काय मानावं, का मानावं, पुरावा काय, शंका आली तर काय. ग्रंथालयं त्याने भरली आहेत. आजीचा विश्वास मात्र पाळण्याचा होता, आणि त्याबद्दल लिहिलेलं फार सापडत नाही. कारण पाळणारी माणसं बहुधा लिहीत नसतात. त्यांना शनिवारी दळण असतं.

“रविवार तर तुमच्याच लोकांनी आणला,” असं एक शेजारी मला गमतीने म्हणतात. सुट्टीपुरतं ते खरं आहे, वारापुरतं नाही. सात वारांचा आठवडा बाबिलोन आणि ग्रीस यांच्या ज्योतिषातून फिरत फिरत इकडे आला. त्याआधी आपण तिथी आणि नक्षत्रं मोजत होतो. भारतात वाराचा उल्लेख असलेल्या अगदी जुन्या कोरीव लेखांत मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखाचं नाव घेतलं जातं. तो गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४चा, आणि त्यातला वार आहे गुरुवार. म्हणजे रवीचा वार आमच्याकडे मिशनऱ्यांच्या जहाजातून उतरलेला नाही. तो आधीपासून इथे होता, सूर्याच्या नावाने.

ख्रिस्ती लोकांचीही गोष्ट सरळ नाही. येशू यहुदी होता, आणि त्याच्या माणसांचा पवित्र दिवस होता शब्बाथ, म्हणजे शनिवार. त्याच्या अनुयायांनी आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमायला सुरुवात केली, कारण त्या दिवशी पहाटे कबर रिकामी सापडली होती. सुट्टी मात्र नव्हती. रोमी साम्राज्यातले ते गुलाम, कारागीर, बायका कामावर जाण्याआधी अंधारात किंवा काम आटोपल्यावर रात्री भेटत. सुट्टी आली ती राजाज्ञेने. सम्राट कॉन्स्टंटाइनने ७ मार्च ३२१ रोजी फर्मान काढलं, की सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायालयं आणि शहरांतले कारखाने बंद राहावेत. त्याच फर्मानात एक सूट होती. शेतकऱ्याने हवं तर काम करावं, कारण पेरणीची नि लागवडीची वेळ एकदा गेली की परत येत नाही.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. शेतकऱ्याला रविवार नाही, हे सतराशे वर्षांपूर्वी कायद्यानेच ठरवून ठेवलं होतं तर! कपाशी फुटून पांढरी झाली की वेचणीला वार नसतो, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. रावेर-यावलकडे केळीचे घड उतरवायला ट्रक आला की तो कोणत्या वारी आला हे कुणी पाहत नाही. पहिल्याच सरकारी रविवारातून शेतकरी वगळला गेला होता. पुढे ज्या ज्या काळाने रविवार साजरा केला, त्या त्या काळात कुणीतरी असाच वगळलेला होता.

इथला रविवार आमच्या उपासनेआधीपासून भरलेला आहे. तो खंडोबाचा वार. श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी सांगायची, आणि खान्देशात त्याच श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला सजवतात, घर रंगवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात. सुरतेला कामाधंद्याला गेलेली अर्धी गल्ली त्या दिवसापुरती परत येते. भाऊबंदकीत वर्षभर अबोला असला तरी कानबाईच्या प्रसादाच्या रोटासाठी एका पंगतीला बसावंच लागतं. तो रोट कुळाबाहेर जात नाही. शेजारणी आमच्या घरी पुरणपोळी पाठवतात, गंगाफळाची भाजी पाठवतात, रोट पाठवत नाहीत. आम्हाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आमच्या प्रभुभोजनाची भाकरही त्यांच्या घरी जात नाही. दोन्ही घरांत एक ताट असं आहे की जे उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि दोन्ही घरं एकमेकांचं ते ताट ओळखून आहेत. शेजारधर्म मला याहून वेगळा शिकवावा लागला नाही.

मग सुट्टी कुणी आणली? गिरणीतल्या माणसाची सुट्टी आणली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत कामगार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत होते आणि आठवड्याची हक्काची सुट्टी त्यांना नव्हती. साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद, गिरणीत मजूर मात्र रविवारी कामावर. लोखंड्यांनी रविवार मागितला, आणि मागताना बायबलचा दाखला दिला नाही; हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असं म्हटलं. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

एक ख्रिस्ती म्हणून मला इथे थोडी शरम वाटते. ज्या सत्तेच्या चर्चमध्ये दर रविवारी दहा आज्ञा वाचल्या जात, त्या सत्तेच्या राज्यात चौथ्या आज्ञेचा अर्थ खंडोबाचं नाव घेणाऱ्याने सांगावा लागला. आणि त्याने सांगितला तो अर्थ जुन्या कराराच्या फार जवळचा होता. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा येते तिथे यादी मोठी लांब आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. कारणही दिलं आहे. तू स्वतः मिसर देशात गुलाम होतास, ते विसरू नकोस. म्हणजे तो दिवस मुळात देवाला फुलं वाहण्यासाठी नव्हता. ज्याच्यावर तुझी सत्ता चालते, त्याच्यावर आठवड्यातून एक दिवस ती चालवू नकोस, यासाठी होता.

बैलाचं नाव त्या यादीत आहे, हे वाचून आमच्याकडच्या माणसाला पोळा आठवणारच. श्रावणी अमावस्येला बैल नदीवर नेऊन धुतात, खांदा शेकतात, शिंगं रंगवतात, त्याला पुरणाचा घास देतात आणि त्या दिवशी औताला जुंपत नाहीत. वर्षातून एकदा का होईना, राबणाऱ्याच्या मानेवरचं जू उतरलं पाहिजे, ही समज इथल्या मातीत होतीच. शब्बाथाला आजाऱ्याला बरं करणं ज्यांना खपत नव्हतं त्या परूशांना, म्हणजे कर्मठ यहुद्यांना, येशूने विचारलं होतं, की तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही वार बघत बसाल काय? हा प्रश्न समजायला खान्देशात भाष्य लागत नाही. उघड्या, कठडा नसलेल्या विहिरी आमच्याकडे पुष्कळ आहेत.

चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय मला याच प्रश्नाचं उत्तर वाटतं. नवापूर तालुक्यात, आदिवासी मुलखात, १९४२पासून ते चालू आहे. तिथे रविवारी रुग्ण येत नाहीत असं होत नाही, म्हणून तिथल्या परिचारिकांना प्रत्येक रविवारी उपासनेला जाता येत नाही. माझ्या मते त्या वार मोडत नाहीत. विहिरीतला बैल बाहेर काढत असतात.

धुळ्याच्या रविवारांमध्ये एक मालिका अशी आहे की जिच्यामुळे या शहराचं नाव भारतभर पोचलं. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथल्या कैद्यांपुढे त्यांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली ती २१ फेब्रुवारीला, आणि संपवलं १९ जूनला. अठरा अध्याय, अठरा रविवार. उतरून घेत होते साने गुरुजी, आमच्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तरकी करून चळवळीत उतरलेले. ती प्रवचनं पुढे ‘गीता प्रवचने’ म्हणून कितीतरी भाषांत गेली. रविवार निवडला गेला त्यात चर्चचा काही हेतू नसणार. सरकारी आठवड्यात मोकळा वार तोच. पण मी एकदा जुन्या तारखा काढून पाहिल्या. त्या वर्षी ईस्टर होता २७ मार्चला. म्हणजे सहाव्या अध्यायाचा, ध्यानयोगाचा रविवार. धुळ्यातले मूठभर ख्रिस्ती पहाटे पुनरुत्थानाची गाणी म्हणत असतील, त्याच दिवशी त्याच शहरात भिंतींच्या आत एक माणूस चित्त एकाग्र कसं करावं ते सांगत होता आणि दुसरा भराभर लिहीत होता. भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकांची खबर नव्हती.

या योगायोगातून मी कोणता सिद्धांत काढत नाही. फक्त दोन गोष्टी मनात राहतात. एक, तुरुंग आणि धर्मग्रंथ यांचं नातं जुनं आहे. फिलिप्पैकरांना लिहिलेलं प्रेषित पौलाचं पत्र बेड्यांतलं आहे, आणि नव्या करारातलं सगळ्यात आनंदी पत्र तेच. दुसरी, लिहून घेणाऱ्याची. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक अर्ध्या ओळीत येऊन सर्वांना सलाम सांगतो आणि इतिहासातून नाहीसा होतो. पौल बोलला, पण तर्तियाने कान आणि हात दिले नसते तर आपल्याला काय मिळालं असतं? साने गुरुजींचं नाव मोठं झालं ते ‘श्यामची आई’मुळे. धुळ्याच्या तुरुंगात मात्र ते तर्तियाच्या जागी बसले होते. बोलणाऱ्याइतकाच उतरून घेणाराही श्रद्धेचा धनी असतो. विनोबांनी पुढे कुराण निवडलं, धम्मपद लावलं, ‘ख्रिस्तधर्म-सार’ही काढलं. त्यांच्या अभ्यासाचा वार कोणत्या एका देवाचा नव्हता.

मराठी ख्रिस्ती माणूस विश्वासाबद्दल बोलू लागला की रेव्हरंड टिळकांच्या घरापाशी आल्याशिवाय राहत नाही. १० फेब्रुवारी १८९५. मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तोही रविवार. त्यांच्या आयुष्यातला तो सोहळा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली ती आग. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना मला टिळकांच्या धर्मांतरापेक्षा लक्ष्मीबाईंचा प्रवास जास्त शिकवून जातो. टिळकांनी आधी मानलं, मग पाळलं. लक्ष्मीबाईंचं उलट. त्या आधी फक्त नवऱ्याच्या घरी परत आल्या. आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवून. मग एकेक करून पाण्याची शिवाशिव गेली, मग जातीची गेली, दुष्काळात पोरकी झालेली मुलं मांडीवर आली, आणि हे सगळं झाल्यावर केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की आपण पलीकडे पोचलो आहोत. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा बदलायचं फारसं काही शिल्लक नव्हतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं तेही त्यांनीच.

त्या घराचा आमच्या खान्देशाशी एक धागा आहे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं, रागावल्या, खाऊ घातलं, रुसवे काढले. त्याने ख्रिस्ती व्हावं अशी अट त्या घरात नव्हती, आणि तो झालाही नाही. टिळकांच्या विश्वासाची कसोटी मी त्यांच्या भजनांपेक्षा या एका मुलावर घेईन. ज्याच्यासाठी माणसाने घरदार, जात, नातीगोती सोडली, तो देव तो दुसऱ्याच्या मुलावर लादत नाही आणि तरीही त्याला जेवायला वाढतो. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादलीच्या रुळांवर बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस. तोही रविवारच होता. पुढच्या मे महिन्यात टिळकही गेले.

मृत्यूपाशी आल्यावर मानणं आणि पाळणं यांची खरी परीक्षा होते. लूककृत शुभवर्तमानात एक बारीकशी गोष्ट आहे. उत्तम शुक्रवारच्या आणि ईस्टरच्या प्रवचनांमध्ये ती बहुधा निसटते. येशूला कबरेत ठेवलेलं गालीलातून आलेल्या बायकांनी पाहिलं. घरी जाऊन त्यांनी सुगंधी द्रव्यं आणि तेलं तयार केली. आणि मग, आज्ञेप्रमाणे, त्यांनी शब्बाथ पाळला.

त्या शनिवारचा विचार करून पाहा. ज्याच्यावर भरवसा टाकला तो गुन्हेगारासारखा मारला गेला होता. देवाने हाक ऐकली नव्हती. शिष्य दारं लावून बसले होते. मानण्याजोगं त्या बायकांकडे काही उरलं असेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी वार पाळला. हात स्वस्थ ठेवले, द्रव्यं झाकून ठेवली, सूर्य मावळायची वाट पाहिली. आणि पाळला म्हणूनच त्या पहिल्या दिवशी पहाटे कबरेपाशी होत्या, जिथे मोठमोठ्या विश्वासाच्या गोष्टी करणारा एकही पुरुष नव्हता.

माझे धाकटे काका तरुणपणी तापाने गेले. मी तेव्हा फार लहान. पुढचं आईने सांगितलेलं. शुक्रवारी त्यांना माती दिली. शनिवारी दुपारी आजी उठली आणि जात्यापाशी जाऊन बसली. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, आजच्या दिवस राहू द्या. आजी म्हणाली, “सकाय रविवार शे.” उद्या रविवार आहे. रविवारी ती उपासनेला गेली, नेहमीच्या जागी बसली. गाणी झाली, तिने तोंड उघडलं नाही. प्रार्थना झाली, तिने डोळे मिटले नाहीत. उपासना संपली तशी उठून घरी आली. असे कित्येक रविवार गेले. मग पावसाळ्यात कधीतरी, एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात, तिचा आवाज बाजूच्या बायकांना ऐकू आला.

त्या मधल्या महिन्यांत आजी देव मानत होती का, हे मला सांगता येणार नाही. तिलाही सांगता आलं नसतं. वार मात्र तिने पाळला, आणि मला वाटतं, त्या काळात वारानेच तिला पाळलं. बाजूच्या बायका गात होत्या म्हणून तिला गप्प बसता आलं. मंडळीचा उपयोग हाच असावा. आपल्याकडे काही नसतं तेव्हा आपल्या वाट्याचं दुसरं कुणीतरी म्हणत राहतं.

चर्च या शब्दाला आमच्या भाषांतरकारांनी ‘मंडळी’ हा शब्द घेतला, ही त्यांची मोठीच कमाई. घरची मंडळी, नाटक मंडळी, भजनी मंडळी, तशीच ही. तिचा खान्देशी भाऊ म्हणजे ‘फड’. उसाचा फड, तमाशाचा फड, वारकऱ्यांचा फड आणि आमच्या पांझरेवरचा पाण्याचा फड. साक्रीकडून धुळ्यापर्यंत नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली असते, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. तीनशेहून अधिक वर्षं ही रीत चालत आली. १८८४ साली नोकरीला लागलेल्या तरुण अभियंते विश्वेश्वरय्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच खोऱ्यात, दातर्तीजवळ पाटासाठी नळ टाकण्याचं होतं.

या फडाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की शेतकरी आपल्या शेताचं दारं स्वतः फोडत नाही. पाटावर पाटकरी असतो, राखणीला जागले असतात आणि रानात पाणी देतो तो बारेकरी. तो सगळ्यांचा मिळून एक. पाणी कुणाच्या वावरात आधी आणि किती, हे त्या वावराचा मालक ठरवत नाही. त्यामुळे बांधावर कुऱ्हाडी निघत नाहीत, आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचतं. ‘पाळी’ या शब्दाचं मूळ ‘पाळण्या’हून वेगळं असेल. पण पाण्याची पाळी जो पाळतो त्याला हे दोन शब्द सख्खेच वाटणार.

येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट फडावरच्या माणसाला लगेच पटावी. मालक पहाटे मजूर आणतो, मग पुन्हा नवाच्या सुमाराला, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि अगदी दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी. सकाळचे कुरकुरतात. पण उशिरा आलेले आळशी नव्हते. दिवसभर उभे का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं की आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. शेवटच्या वाफ्यातलं पीक शेवटी आहे म्हणून काही कमी तहानलेलं नसतं.

इतकं सगळं कळूनही मी चुकलो, ते सांगायला हवं. आमच्या मंडळीतला एक तरुण वर्ष-दीड वर्ष दिसेनासा झाला. पोरगं भरकटलं, असं मीच दोघा-तिघांपाशी बोललो. मग एका रविवारी उपासनेहून परतताना गाडीत पेट्रोल भरायला थांबलो, तर नळी हातात घेऊन तो उभा. मी विचारायच्या आत तोच म्हणाला, “काका, माझा रविवार सोमवारी येतो.” मागे गाड्यांची रांग होती. तो पुढच्या गाडीकडे वळला.

माझा रविवार चालावा म्हणून तो रविवारी कामावर होता. मी उपासनेला वेळेत पोचलो ते त्याच्यासारख्यांनी भरलेल्या पेट्रोलवर. बसचा वाहक, सोसायटीचा रखवालदार, आमच्या नाताळच्या जेवणाची भांडी घासणारी बाई. कॉन्स्टंटाइनच्या फर्मानातली सूट अजून चालू आहे. फक्त तिच्यात शेतकऱ्याच्या जोडीला इतर पुष्कळ माणसं आली आहेत. शब्बाथाच्या आज्ञेतली ती लांबलचक यादी, दास, दासी, बैल, परका, मी दर काही रविवारी ऐकत होतो आणि त्या यादीतला माणूस मला पेट्रोलच्या नळीशी ओळखावा लागला.

आता महिन्यातल्या एका सोमवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जण त्याच्या खोलीवर जमतो. एक गाणं, एक उतारा, चहा. त्याच्या खोलीत राहणारा दुसरा मुलगा एकवीरेचा भक्त आहे. तो दाराशी बसून मोबाइल बघत असतो आणि चहा त्यानेच केलेला असतो. माझ्या आजीने तो सोमवारही देवाच्या दिवसांत धरला असता.

तुमचा वार कोणताही असो. पुढच्या सुट्टीला, तुमच्या सुट्टीसाठी जो कामावर आला असेल, त्याला एवढंच विचारा, की बाबा, तुझा वार कोणता? आणि तो सांगेल तो वार थोडा तुम्हीही पाळा.